डावा बूट

"टाच बाहेर फिरवा," मी म्हटलं.

मला सायकलची असली पेडलं शिकवताना नवऱ्यानं हेच शंभरदा ऐकवलेलं. या पेडलमध्ये बूटच अडकतो. टाच बाहेर फिरवली की खट् वाजून सुटतो. मी फाटकापाशी सायकलसकट आडवी व्हायचे, हे पोट धरून हसायचे.

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर आज पहिल्यांदाच हट्टानं हे हॉलमध्ये स्टँडवर बसवलेल्या सायकलवर चढले. डावा बूट मीच पेडलमध्ये अडकवला. आता घामानं निथळले, पण टाच तसूभर हलेना.

"थांबा, बघते." खाली बसून मी गुपचूप बुटाचा पट्टा सोडवला आणि पाय तेवढा बाहेर काढला. त्या पायाला काही कळतच नाही.

"सुटला की हो!"

समोर भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "खट् वाजलं नाही."