फळ्यावरची बातमी

"ताई, आज लिहूया, संडासाला कुलूप आहे," रेणुका म्हणाली.

बालवाडीत मुलं रोज एक वाक्य सांगत आणि मंदाताई ते त्यांच्यासोबत फळ्यावर लिहीत. ज्याला जे अक्षर येईल, ते त्यानं काढायचं. रेणुकानं 'कुलूप'मधला 'क' काढला.

तेवढ्यात सरपंच तपासणीसाठी आलेल्या तालुक्याच्या मॅडमना घेऊन आले. बालवाडीच्या नव्या संडासाच्या उद्घाटनानंतर तो स्वच्छ राहावा म्हणून किल्ली सरपंचांनीच घरी नेली होती. मॅडम चपला काढत होत्या, तोवर ते ताईंच्या कानाशी लागले, "पुसा ते! 'आमचा गाव सुंदर आहे' असं लिहा."

ताईंनी फळा पुसून तसं लिहिलं.

"वाच बरं बाळा," मॅडम आत येऊन रेणुकाला कौतुकानं म्हणाल्या.

रेणुकानं मान हलवली. "हे आम्ही नाही सांगितलं. मला नाही येत. आमचं वाक्य येतं."

"मग तेच म्हण."

सगळा वर्गच ओरडला, "संडासाला कुलूप आहे!"

मॅडमनी सरपंचांकडे पाहिलं. दहा मिनिटांत किल्ली आली. मुलांनी रांग लावली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, "आज काय लिहायचं?"

सगळे हात वर झाले. "आत पाणी नाही!"