कानाचे यंत्र

माझी वृद्ध आई भागूबाई हिला भिंतीतून एक पुरुष बोलताना ऐकू येई. त्याच्याशी चालणाऱ्या तिच्या अखंड वादाने मी, चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळी करून परतणारा मनुष्य, पार थकून गेलो होतो.

"बहिरेपणात कधीकधी मेंदू स्वतःच आवाज तयार करतो," मनोविकाराच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "आधी कानाचं यंत्र लावून बघू. नाहीच थांबलं, तर भरती करावं लागेल."

"सून काय बोलती ते ऐकू येत नाय," आई म्हणाली, "पर ह्यो मेला लई साफ बोलतो."

यंत्र लावल्यावर वाद थांबला. भरती करणे टळले. मात्र आई आता दिवसभर भिंतीजवळ बसून, मान डोलावीत, शांतपणे ऐकत राही.

काल दुपारी ती यंत्र काढून स्नानास गेली असता, त्यातून नेमके काय ऐकू येते हे डॉक्टरांना सांगता यावे, या हेतूने मी ते यंत्र स्वतःच्या कानात घातले. प्रथम पंख्याची घरघर आली. नंतर न्हाणीतील तांब्याचा आवाज आला.

मग भिंतीतून कोणीतरी अत्यंत मायेने म्हणाले, "भागू, ह्यो कान तुझा नाय."