चाळणीची गिटार

कावळा काही शिवेना.

गंगाखेडच्या घाटावर ऊन वर आलं होतं. बापूंचा पिंड पत्रावळीवर ठेवून घरचे लांब उभे होते. शेजारी आणखी कुणाचा तरी दहावा होता. हाताला प्लास्टर असलेली एक बाई आणि तिच्यासोबत चार माणसं, तीही ताटकळलेली. दोन्ही पत्रावळ्या एकाच पायरीवर. कावळा समोरच्या भिंतीवर, आणि त्याला घाई नव्हती.

बापूंचा मुलगा हरिओम हात जोडून शब्द देत होता. "बापू, बहिणीला, अर्पिताला शिकवीन. आईला अंतर देणार न्हाई. बोअर पाडीन."

कावळ्यानं मान वळवली.

"मोटारसायकल विकणार न्हाई."

कावळ्यानं पंख साफ केले.

शेवटी कावेरीबाई पुढं झाल्या. नवऱ्याशी त्या आयुष्यभर बोलल्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तुमची गिटार नीट करून घेते. जावा आता."

कावळा उतरला, जिलेबीचा तुकडा चोचीत धरला आणि उडाला.

हरिओमनं लगबगीनं ती पत्रावळ नदीत सोडली. परतताना त्यानं विचारलं, "जिलेबी कुणी ठेवली? बापूंना शुगर होती."

"आता काय करतीय शुगर," कडूबाई आत्या म्हणाल्या. विषय तिथंच मिटला.

गिटार माळ्यावर होती. तिच्या पोटावर भोकाभोकाची गोल पत्र्याची तबकडी होती. भोक पडलेल्या गिटारीला बापूंनी चाळणी ठोकली, असं घरात सगळे धरून चालले होते.

परभणीत बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या भागवतमामांनी ती उलटीपालटी केली, टिचकी मारली, स्क्रू काढले. आतून ॲल्युमिनियमची पातळ, चेंबलेली वाटी निघाली.

"चाळणी न्हाई वैनी, झाकण हाय. ही रेझोनेटर गिटार. तारा ह्या वाटीला हलवत्यात, वाटी आवाज मोठा करती. माईक न्हवते तवाची अक्कल."

"मंजी भारी हाय?"

"भारी होती. वर कुनीतरी ज्वारीचं पोतं ठिवलं."

कावेरीबाईंनी पदरानं गिटारीवरची धूळ पुसली.

तीन आठवडे मामा लाकडी चमच्याच्या पाठीनं वाटीचे पोचे काढत होते. गंजलेल्या तारा बदलल्या. मग एक तार छेडली. पत्र्याच्या खोलीत कुणी एकटंच रडावं, तसा आवाज आला.

"आता सुटले ना रे ते?" कावेरीबाईंनी हरिओमला विचारलं.

"सुटले, आई."

त्यांनी ते आणखी दोनदा विचारलं.

"आत नाव हाय," मामा म्हणाले. लाकडावर खिळ्यानं कोरलेलं होतं: दिनकरराव, सोनपेठ.

"ह्यांचे बँडमधले जोडीदार," कावेरीबाई म्हणाल्या. "त्यांनीच भेट दिलती म्हनायचे. त्यांच्याच हातानं एकदा वाजू दी. नुसती नीट करून काय उपेग?"

दोघं मायलेक एसटीनं सोनपेठला गेले. दार उघडलं ते हाताला प्लास्टर असलेल्या बाईनं. प्लास्टर आता मळलं होतं. मागं भिंतीवर दिनकररावांचा फोटो, त्याला ताजा हार.

बाईनं आधी गिटार पाहिली, मग माणसं.

"मी राजेश्री, त्यांची लेक. एका लग्नापुरती न्हेली होती ही तुमच्या बापूंनी. एकतीस वर्षं झाली. बाबा मरेपर्यंत इचारत होते, आली का."

हरिओमनं गिटार हळूच खाली ठेवली. बोलायला काही हवं म्हणून त्यानं विचारलं, "तुमी त्या दिवशी घाटावर आमच्या शेजारीच होता ना?"

"होतो की. तुमच्या पिंडाला कावळा शिवला, तुमी गेलात. आमी दुपारपर्यंत बसलो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला."

कावेरीबाई हळहळल्या. "आसं कसं वो?"

"काय सांगू मावशी. बाबांना आवडायची म्हनून पिंडावर जिलेबी ठिवली होती. जवळ जाऊन बघितलं, तर तीबी न्हवती."