हातातला पाना

माझा प्लंबर भाऊ पोलिसांच्या गोळीनं गेला. म्हणजे तसं काही घडलंच नाही. चौकीच्या म्हणण्यानुसार गोळी हवेतच मारली होती, भाऊ हवेच्या आड आला.

"हातात पिस्तूल दिसलं," हवालदार म्हणाला.

"पाना होता तो," वहिनी म्हणाली.

"अंधारात कळत नाही, ताई."

"भर दुपारी?"

"तुमच्या वस्तीत दुपारीही तसंच दिसतं."

"अहो, सकाळीच ह्यांनी त्याच पान्यानं तुमच्या साहेबांच्या बंगल्यातला नळ बसवला!"

"तिथे पानाच दिसतो ना."

वहिनीनं डोळे पुसले आणि चौकीतच मला अर्ज लिहायला बसवलं: "उद्यापासून माझे धाकटे दीर हाच पाना घेऊन नळाचं काम करणार आहेत. तरी आमची गल्ली साहेबांच्या कॉलनीत हलवण्यात यावी, ही नम्र विनंती."