झुंबरबाईची निळी पट्टी

हेमलताने बाही वर सरकवून दंड पाहिला. पट्टी जांभळी झाली होती. लाल अजून नाही.

"झाली का व?" शेजारून नाजमीनने विचारलं. हात चालूच. केळीच्या फण्या टाकीतून काढायच्या, पुसायच्या, खोक्यात रचायच्या.

"होईल. तुझी?"

नाजमीनने दंड वळवला. लालभडक. ओठ मात्र पांढरे पडले होते.

"चक्कर आली तर सांग," हेमलता म्हणाली.

"सांगून काय करशील? पाणी देशील?"

हेमलताने पुढची फणी पुसायला घेतली.

सकाळपासून शेडमधल्या एकाही बाईने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. तसं ते रोजचंच. रावेरच्या अलीकडे असलेल्या या पॅकिंग शेडला संडास नाही. आधी मागच्या केळीबागेत आडोशाला जाता यायचं. यंदा ती बाग तोडली. आता उघडं रान, आणि त्यात ट्रकवाल्यांनी टाकलेल्या बाजा. मग बायांनी पाणीच सोडलं. नाजमीनला तर मागे लघवीतून रक्त गेलं. ते तिने घरी सांगितलं नाही, फक्त हेमलताला सांगितलं.

मालकाकडे जाऊन झालं होतं. तो म्हणाला, "पाणी पिऊ नका असं मी कुठं म्हटलं? तुम्हालाच प्यायची सवय नाही."

मग जळगावहून अर्शी मॅडम आली. कुठल्यातरी कॉलेजातून, स्वस्तातल्या घामपट्ट्या घेऊन. दंडाला चिकटवायची. अंगातलं पाणी घटलं की निळ्याची जांभळी होते आणि जांभळ्याची लाल. डब्यातून काढल्या तेव्हा सगळ्या निळ्याच होत्या. मॅडमने हेमलताला लावायला शिकवलं, आणि दुपारी येऊन सगळ्यांचे दंड बघते म्हणाली.

हेमलताने तिथंच मालकाला पकडलं. "लाल निघाल्या तर संडास बांधाल का?"

मॅडम बघत होती म्हणून मालक हसला. "बांधू की. पण सगळ्यांच्या लाल निघू द्या. एकीची जरी निळी निघाली तर मी म्हणणार, प्यायची ती पितेच, बाकीच्यांचे नखरे."

म्हणून आज चहासुद्धा कोणी घेतला नव्हता.

वर पत्रा नुसता तापला होता. बायांच्या पाठी भिजून ब्लाउज चिकटले होते. तेवढ्यात पलीकडच्या टाकीवरून रुपली आली.

"झुंबरबाईची पाहिली का?"

"काय झालं?"

"निळी आहे. एकदम कोरी."

झुंबरबाई सगळ्यात म्हातारी. पंख्यासमोरची जागा तिची. तिचा पोरगा मालकाचा ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे बाया तिच्यासमोर जपूनच बोलायच्या. हेमलता तरातरा तिच्याकडे गेली.

"अक्का, दंड दाखव."

झुंबरबाईने सावकाश हात पुढे केला. निळी. ब्लाउजही कोरडा, जणू आत्ताच दोरीवरून काढला.

"पाणी कधी पेली?"

"नही पेली."

"मग ही अशी कशी?"

"मले काय माहीत व माय. तूच लावली."

"मघाशी बाहेर कायले गेली होती?"

"डोकं दुखून राह्यलं. भिंतीले टेकली होती." मग तिने पंख्याकडे बोट केलं. "हा बंद कर ना. मले थंडी वाजते."

रुपली हसली. "ऐका. आपण इथं उकडून निघतोय, अन् हिला थंडी. पोटात गार पाणी गेल्यावर वाजणारच."

"पोराची शपथ घे," मागून कोणीतरी म्हणालं.

झुंबरबाईने शपथ घेतली. शब्द जड येत होते, जीभ टाळूला चिकटल्यासारखी. हेमलताला वाटलं, खोटं बोलताना असंच होतं.

"आमच्या पोरीबाळींचा जीव चालला," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि तुला मालकाचं पडलंय. नाजमीनकडे बघ जरा."

झुंबरबाईने पाहिलं. पण नजर नाजमीनवर थांबली नाही, तिच्यापुढे कुठंतरी गेली.

"उठ. तिकडं बस."

पत्र्याच्या भिंतीलगतचा कोपरा, जिथं हात लावला तर चटका बसतो. हेमलताने तिला दंडाला धरून तिथं नेलं. दंड गरम लागला. अख्खं शेडच गरम होतं.

"येऊ दे घाम. लाल झाल्याशिवाय उठायचं नाही."

झुंबरबाई बसली. भांडली नाही. खोक्याला डोकं टेकून स्वतःशीच काहीतरी बोलत राहिली.

"नाटकं," रुपली म्हणाली.

नाजमीन कुजबुजली, "जाऊ दे ना ताई. म्हातारी आहे."

"तिच्या एका पट्टीपायी तुझं परत रक्त जाईल. मग?"

हेमलता कामाला लागली, पण लक्ष कोपऱ्यातच. मधेमधे जाऊन बघायची. निळीच. स्वतःची एव्हाना लाल झाली होती, पण त्याचा आनंद होईना.

गाडी आली. पुढे मालक, मागे अर्शी मॅडम. मॅडम एकेकीचा दंड बघत चालली. लाल. लाल. रुपली लाल. नाजमीनपाशी ती जरा थांबली आणि तिने मालकाकडे वळून बघितलं. मालकाने रुमालाने मान पुसली.

हेमलता कोपऱ्यापुढे आडवी उभी राहिली, झुंबरबाई दिसू नये अशी.

"मागे कोण आहे?" मालकाने विचारलं.

"ती तुमचीच आहे साहेब. तिचं धरू नका."

मालक पुढे झाला, वाकून पाहिलं, आणि चेहरा खुलला. "ही घ्या निळी. मी काय म्हटलं होतं मॅडम? प्यायची ती पितेच."

हेमलताने मान खाली घातली. मागे बायांनी झुंबरबाईच्या नावाने बोटं मोडली.

मॅडम पट्टीकडे बघतच नव्हती. तिने झुंबरबाईच्या गळ्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"गाडी दारात घ्या," ती मालकाला म्हणाली. "पट्टीचा रंग बदलायला घाम लागतो. यांच्या अंगात तेवढंही पाणी उरलेलं नाही."