दाखवायचा वर्ग

पहिलीच्या वर्गात पाऊल टाकलं आणि कृपाच्या नाकात गुलाबाचा भपकारा शिरला. कुणीतरी नुकताच स्प्रे मारला होता, तोही सढळ हातानं. पण त्या गुलाबाखाली दुसराच एक आंबूस वास होता. लेकरू वाढवलेल्या बाईला तो वास कशाचा हे सांगावं लागत नाही.

"गुड मॉर्निंग सर! गुड मॉर्निंग मॅम!" पोरं एका दमात ओरडली. तिसऱ्या रांगेत कृपाची एस्तेर बसली होती. शाळा आवडते का बघू, म्हणून तिला सकाळीच वर्गात बसवलं होतं. तीही बाकीच्यांसारखीच दात दाखवून हसत होती.

"रुळली की गं!" जोएल बायकोच्या कानाशी कुजबुजला. नागापूरच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याला ह्या शाळेचं वेडच लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर कृपालाही सोस काही कमी नव्हता. गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एक गुरुजी, पत्रे गळतात, इंग्रजीच्या नावानं तर बोंबच. इथं दाराशी बस, पोरं इंग्रजी फाडफाड बोलणारी, संडास लख्ख. चर्चमध्ये तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. आता फक्त 'हो' म्हणायचं राहिलं होतं. जागा एकच उरली होती आणि बाहेर दुसरे आईबाप टपून बसले होते.

"आमच्याकडे स्वच्छता आणि शिस्त, यात तडजोड नाही," प्रिन्सिपल राजेश्वरी मॅडम सांगत होत्या. "बघा, एकाची तरी मान वळते का!"

खरंच वळत नव्हती. सहा-सहा वर्षांची पोरं, पण माना कशा खिळ्यांनी ठोकल्यासारख्या. कृपानंच मग मागं बघितलं. कपाटापाशी फुलपाखरांचा तक्ता फरशीवर पसरला होता. भिंतीवरचा तक्ता खाली कशाला? त्याच्या कडा भिजून फुगल्या होत्या. ती सरळ मागं गेली.

कपाटाआड एक मुलगी उकिडवी बसली होती. युनिफॉर्म छातीपासून गुडघ्यापर्यंत उलटीनं माखलेला, केसांना शितं चिकटलेली. दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून ती हुंदके गिळत होती.

"अगं माझी बाय!" कृपा खाली बसली आणि नव्या साडीच्या पदरानं तिचं तोंड पुसायला लागली. "मॅडम, कवाधरनं बसवलंय हिला हितं?"

"तिची मम्मी निघालीय न्यायला." मॅडमचा आवाज तितकाच गोड होता. "आज पालक बघायला येणार, म्हणून जरा बाजूला बसवलं. तुम्ही हात नका लावू, मावशी येतील."

"आगं, हात कशाला घान करतीस?" जोएल दारातूनच दबक्या आवाजात म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता तो. त्याला लाज वाटत होती ती बायकोची.

शी! कृपाला किळस आली. लेकरांच्या उलट्या तिनं आयुष्यभर काढल्या होत्या, त्यांची तिला कधी घाण वाटली नव्हती. ही किळस मॅडमची होती, नवऱ्याची होती आणि चर्चभर मिरवलेल्या स्वतःच्या हौसेचीही होती. तिनं त्या पोरीला आहे तशी उचलून कडेवर घेतली.

"एस्तेर, ऊठ. आपल्याला न्हाई यायचं ह्या शाळंत."

एस्तेर उड्या मारत पुढं आली. तिच्या कपाळावर सोनेरी स्टार चिकटवलेला होता.

"मम्मी, मला स्टार भेटला!"

"कशाचा गं?"

"टीचर म्हनल्या, जो मागं बघनार न्हाई त्याला स्टार. ती लई रडत हुती, मम्मी पायजे म्हनत हुती. करननं बघितलं, त्याला न्हाई भेटला. मी एकदा पन न्हाई बघितलं!"

"पयल्याच दिवशी!" जोएल कौतुकानं म्हणाला.

कृपानं मोकळा हात पुढं केला, तो स्टार उपटून काढायला. एस्तेरनं दोन्ही तळव्यांनी कपाळ झाकलं आणि मागं सरत सरत ती राजेश्वरी मॅडमच्या साडीआड जाऊन उभी राहिली.