पातेल्याचं झाकण

१९५८ साली ताईला बघायला पाहुणे जेवायला आले. तापाने तिचे कान गेले होते, पण ओठ वाचून चटचट उत्तरं द्यायची. पाहुण्यांना कळू नये म्हणून आईने सगळ्या खुर्च्या तिच्यासमोर मांडल्या. जेवण रंगलं. मुलगा तिच्यावर लट्टू झाला. हात धुवायला उठलेल्या त्याच्या आईने ताईमागे जाऊन पातेल्याचं झाकण मुद्दाम फरशीवर सोडलं. सगळे दचकले, ताई हसतमुखाने वाढतच राहिली. “किती शांत हो तुमची थोरली!” समोर येऊन त्या म्हणाल्या. “आता धाकटीला वाढू द्या.” ताईने तेही वाचलं आणि पळी माझ्या हातात दिली. महिन्याभरात माझं त्याच्याशी लग्न झालं. आई मरेपर्यंत त्या मेजवानीचं कौतुक सांगायची. ताई बिनलग्नाची राहिली. वाढायला मात्र सगळे बोलवायचे. सासूबाई म्हातारपणी ठार बहिऱ्या झाल्या. मी रोज त्यांच्यामागे झाकण पाडायचे.